मागचा डावा

टेप सुरू झाली का? बरं.
नाव आर्विड लिंडस्कोग. वय लिहू नका.
डुलुथमध्ये, सरोवराच्या काठाला,
लाकडाच्या वखारीवर दोन खोल्यांचं रेडिओ केंद्र होतं.
तिथं मी आवाज करायचो.
बोलायचो नाही. आवाज करायचो.

कॉर्नफ्लावरची पिशवी मुठीत दाबली की बर्फातली पावलं.
सेलोफेन चुरगळलं की वणवा.
ओल्या चामड्यात गुंडाळलेल्या कोबीवर बुक्की मारली
की दरोडेखोर आडवा,
आणि कोबी रात्री आमच्या घरी, सुपात.

रोज सव्वापाचला, पंधरा मिनिटं,
ओटच्या लापशीवाल्यांच्या कृपेनं,
दहा वर्षांचा टोबी आणि त्याचा घोडा जुनिपर
उत्तरेच्या जंगलात चोर पकडत.

टोबी म्हणजे मिस ब्रेनन. चोपन्न वर्षांची, गुडघे धरलेले.
माइकसमोर आली की आधी बूट काढून ठेवी.
म्हणे, मुलगा अनवाणीच नीट बोलतो.
घोडा म्हणजे मी.
घोडा म्हणजे वाळूचा खोका आणि नारळाच्या दोन करवंट्या.
नारळाचं झाड मी जन्मात पाहिलेलं नाही.

सदतीस सालचा फेब्रुवारी. सरोवर गोठलेलं,
जहाजं बंदरात दातखीळ बसल्यासारखी.
कार्यक्रम संपला, तर दारात एक मुलगी.
लेम्पी रौतियो. सात वर्षं. भावाचा कोट,
त्याच्या खिशात गाजर.
"घोड्याला आणलंय."

मिस ब्रेनन बूट घालू लागली, फार सावकाश.
मला थाप मारता आली असती:
झोपलाय, तबेला लांब आहे, उद्या ये.
थापा मारायचाच तर पगार होता.
पण तिनं खोका पाहिला होता,
वाळूतले गोल गोल ठसे पाहिले होते.
ती उकिडवी बसली.
एक करवंटी उचलून कानाला लावली.
बराच वेळ.
मग म्हणाली, "दमलाय,"
आणि गाजर वाळूत ठेवलं.

ती करवंटी मी तिला देऊन टाकली.
का, ते विचारू नका. दिली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता डोक्यात प्रकाश पडला.
फेब्रुवारीत, डुलुथमध्ये, नारळ!
आमचा लेखक शिव्या घालत टाइप करत बसला,
आणि सव्वापाचला
जुनिपर लंगडत आला.

अकरा दिवस लंगडला.
पोत्यानं टपाल.
मलमाच्या डब्या, जुन्या परकराच्या पट्ट्या,
एका खाणकामगाराच्या पोरानं बापाची कुबडीच पाठवली.
एका चिठ्ठीत एवढंच होतं:
गोळी घालू नका. आमच्या बाबांनी घातली होती.
लापशीचा खप वाढला.
मालक म्हणाला, आता टोबीचाही पाय मोडा.

बाराव्या दिवशी शिकागोहून नारळ आला.
पाणी मिस ब्रेनननं प्यायलं, तोंड वाकडं केलं.
नवी करवंटी जाड निघाली, सूर किंचित खाली.
कुणालाही कळलं नाही.
फक्त एक पोस्टकार्ड, पेन्सिलीनं:
"मागचा डावा अजून दुखतोय. एवढा पळवू नका."
नाव नव्हतं. नावाची गरज नव्हती.

पुढं टीव्ही आला. जुनिपर दिसू लागला.
खरा घोडा, हाडकुळा, माशा हाकणारा.
पोरं गप्प बसून बघायची.
गाजर घेऊन कुणी आलं नाही.
मिस ब्रेननला त्यांनी बोलावलंच नाही,
तिचं तोंड मुलाचं नव्हतं.

रेकॉर्डिंग? एकही नाही.
बोललो ते हवेत गेलं,
आणि हवेकडे उधारी कोण मागणार?
ही जुनी तेवढी उरली. किल्ल्या ठेवतो तिच्यात.
हिची जोडीदार कुठं असेल ते
तुम्हीच शोधा, तुमचं काम आहे ते.

निघालात? दार ओढून घ्या, वारा येतो.
थांबा. टेप चालू आहे ना?
हे टेबल, ही बोटं. ऐका.
टाक्, टाक्, टाक्,
आणि इथं, चौथ्याला,
जरा अडखळायचं.